पुदिन्याचा कस आणि आपली कसोटी

कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक गुणावर दिलेले युरोपीय पेटंट २००० साली रद्द झाले. २००५ मध्ये त्यावरील अपीलही फेटाळले गेले. तेथे परंपरेचा नुसता अभिमान पुरला नसता. भारतातील पूर्ववापराचा पुरावा कामी आला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या गच्च्यांवर आणि आसपासच्या मळ्यांत पुदिन्यावर निंबोळी अर्क व जीवामृत फवारणाऱ्यांनी हा धडा ध्यानी घ्यावा.

पुदिन्याचा गंध पानांवरील सूक्ष्म ग्रंथींतील तेलात असतो. चटणीच्या पुदिन्यात कार्व्होन, तर औषधी पुदिन्यात मेंथॉल हा त्याचा प्रमुख घटक. फवारणीने कीड हटली, पाने टवटवीत झाली, एवढ्याने तेलाचा कस वाढल्याचे सिद्ध होत नाही. एक वाफा अर्काचा, दुसरा नुसत्या पाण्याचा, दोन्हींची कापणी एकाच दिवशी आणि तेलाची तपासणी प्रयोगशाळेत, इतकी शिस्त हवी. येथील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांनी हे काम अंगावर घ्यावे.

पूर्वजांचे ज्ञान अस्सल असेल, तर त्याला कसोटीचे भय कशाला? आणि नोंदच नसेल, तर उद्या परक्याने त्यावर हक्क सांगितल्यास आपण कोणता पुरावा पुढे ठेवणार?