टक्केवारीच्या आधीचा तपशील

राष्ट्रीय सिकलसेल अ‍ॅनिमिया निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी शहडोलहून सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. साहजिकच जलद चाचण्या वाढतील आणि त्यांची अचूकता जोखणारे पद्धतशीर आढावेही. जबलपुरात, आदिवासी आरोग्याच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या शहरात राहून, एक आग्रह मांडावासा वाटतो: आढाव्यातील टक्केवारीआधी तिचा तपशील वाचावा.

जुनी सोल्युबिलिटी चाचणीच घ्या. सहा महिन्यांखालील बाळांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक असल्याने ती फसू शकते. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हेही ती सांगत नाही. मग तपासलेल्यांची वयेच न नोंदवता अनेक अभ्यासांतून काढलेली एकत्रित टक्केवारी मंडल्यातील तान्ह्या बाळाच्या आईला काय सांगणार? भौतिकशास्त्रात त्रुटीची मर्यादा न दिलेले मापन आम्ही अपुरे मानतो.

काटेकोर आढाव्याचे बळ आपण पाहिले आहे. क्षयरोगासाठी रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचण्या आपल्याकडे सर्रास होत. 2011 च्या एका आढाव्याने मूळ अभ्यासांचा दुबळा दर्जा आणि निष्कर्षांतील विसंगती स्पष्ट मांडली. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी या चाचण्यांविरुद्ध शिफारस केली आणि 2012 मध्ये भारताने त्यांवर बंदी घातली.

अशा आढाव्यांत काय नोंदवावे, याची ‘प्रिझ्मा-डीटीए’ ही 27 मुद्द्यांची सूची 2018 पासून उपलब्ध आहे. नियतकालिकांनी ती सक्तीची करावी आणि विद्यार्थ्यांनी आढावा वाचताना ती शेजारी ठेवावी.