फाईल बंद, फोटो उघडा!

आपल्या परभणी जिल्ह्यात ९ तालुके. त्यातल्या एका गावात, समजा पालमकडच्या, एका शेतकऱ्यानं आत्महत्या केली. ('समजा' म्हणायचं एवढंच. अशा बातम्या आपण मेसमध्ये पोहे खाता खाता वाचतो आणि पान उलटतो.) मागे बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. आता ही गोष्ट सरकारला किती ठिकाणी कळते बघा. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद होते, २१ दिवसांच्या आत. पोलीस पंचनामा करतात. तलाठी आणि तहसीलदार अहवाल तयार करतात, कारण २००६ च्या शासन निर्णयाने ठरलेली १ लाखाची मदत (३० हजार हातात, ७० हजार ठेवीत) द्यायची की नाही हे कलेक्टरसाहेबांची समिती ठरवते. आणि शाळेत गुरुजींना तर दुसऱ्याच दिवशी कळतं. म्हणजे चार टेबलांवर माहिती पोचली!

पण जे टेबल खास मुलांसाठी आहे, तिथे ती आपणहून जात नाही. ते टेबल म्हणजे महिला व बालविकास खात्याचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष. बालसंगोपन योजना तिथून चालते, हल्ली तिच्या नावाआधी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना 'फॉस्टर केअर' म्हटलं की इंग्लिश पिक्चरमधली दत्तक पोरं आठवतात. इथे अर्थ साधा आहे. मूल बालगृहात न जाता आजीकडे, मामाकडे किंवा एकट्या आईकडेच वाढावं, म्हणून दर महिन्याला मदत. २०२३ च्या निर्णयाने ती मुलामागे २२५० रुपये झाली. वह्या, चपला, एसटीचा पास आणि वर थोडं तेल-मीठ. आपल्यापैकी कित्येकांचं मोबाईल आणि वडापावचं बिल यापेक्षा जास्त येत असेल!

ही मदत मिळवायला त्या बाईनं अर्ज करायचा. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बोनाफाईड, पासबुक, घरासमोर उभं राहून काढलेला फोटो. मग मुलांना घेऊन परभणीला बालकल्याण समितीसमोर यायचं. दाखला ग्रामपंचायतीचा, उत्पन्न तहसीलचं, बोनाफाईड शाळेचं. म्हणजे सरकारनेच सरकारला द्यायचे कागद, आणि मध्ये पोस्टमन कोण, तर ही विधवा बाई. रोज बुडवून, तिकीट काढून. आणि प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न एकच : "कसे गेले?" पदर धरून उभं असलेलं पोरगं ते उत्तर दरवेळी ऐकतं. त्याचा हिशोब कुठल्या रजिस्टरमध्ये होतो?

दुसरी गंमत (गंमत कसली!) म्हणजे 'अपात्र' हा शिक्का. सातबारा नावावर नव्हता किंवा कर्ज सावकाराचं निघालं, की आत्महत्येची केस अपात्र ठरू शकते आणि महसूलची फाईल बंद होते. पण बालसंगोपनाला सातबारा लागत नाही. बाप तर गेलेलाच आहे ना? बंद झालेल्या त्या फाईलवरून 'या घरात १८ च्या आतली दोन मुलं आहेत' एवढी एक ओळ पुढे सरकायला हरकत कोणाची आहे? विचारा, तर उत्तर मिळेल : दुसऱ्या खात्याचं रेकॉर्ड आहे, गोपनीय आहे.

आणि गोपनीय म्हणावं, तर त्याच मुलांचा चेक घेतानाचा फोटो पेपरात! नाव, गाव, बापानं काय केलं, सगळं छापून. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करायला मनाई करतं. ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे ज्याच्या हातात मदत आहे त्याच्यापासून माहिती लपवायची, आणि ज्यांना फक्त हळहळायचं आहे त्यांना दाखवायची. माझा राग आहे तो या उलट्या कारभारावर.

मनात आणलं तर खाती एकमेकांशी बोलतात, हे २०२१ मध्ये कोरोनानं दाखवलं. आपल्या राज्यात जिल्ह्याजिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली टास्क फोर्स बसले, आणि पालक गेलेल्या मुलांची माहिती 'बाल स्वराज' पोर्टलवर भरा असा आदेश सुप्रीम कोर्टानं दिला. आणि त्याच वेळी मोबाईलवर काय फिरत होतं? 'आईबाप कोरोनात गेले, दोन गोंडस मुली, दत्तक हव्या असल्यास खालील नंबरवर...' आपणही ते फॉरवर्ड केलेलं असणार, चांगल्या मनानं. शेवटी जून २०२१ मध्ये कोर्टाला सांगावं लागलं की मुलांची ओळख उघड करून पैसे गोळा करणाऱ्या आणि बेकायदा दत्तकाची जाहिरात करणाऱ्या संस्थांना आवरा.

म्हणून 'सगळा डेटा एकत्र करा, एक बटण दाबा' म्हणणाऱ्या आमच्या कॉम्प्युटर ब्रँचच्या मित्रांशी माझं जमत नाही. एप्रिल २०१७ मध्ये झारखंड सरकारच्या वेबसाईटवर पेन्शन घेणाऱ्या १० लाखांहून जास्त लोकांचे आधार नंबर उघडे पडले होते. चोरी नव्हे, निष्काळजीपणा! तिथे म्हातारे होते, इथे पोरं आहेत. 'आत्महत्या केलेल्याची मुलगी' हा शिक्का तिच्या लग्नापर्यंत पाठ सोडत नाही.

पण आपण डीबीएमएस मध्ये 'व्ह्यू' शिकतो ना? टेबल तेच, पण ज्याला जेवढे कॉलम लागतात तेवढेच दिसतात. विषय परीक्षेपुरता नाही, हे इथे कळतं. ग्रामपंचायतीतून बाल संरक्षण कक्षाला फक्त एवढं जावं : अमुक घरात पालकाचा मृत्यू, १८ च्या आतली मुलं इतकी, भेट द्या. मृत्यू कशानं झाला, कर्ज किती होतं, पोलीस काय म्हणाले, यातलं काही नको. शाळेनं बोनाफाईड परस्पर पाठवावं. शाळेला कशासाठी ते कळायची गरज नाही. आणि फाईल कोणी, कधी उघडली याची नोंद राहावी. कार्यकर्त्यानं घरी जाऊन आईला आधी विचारावं, की तुमची माहिती पुढे देऊ का? ती नाही म्हणाली तर नाही. मोठी मशीनरी लागत नाही याला. दोन खात्यांच्या साहेबांनी एका टेबलावर बसून चहा प्यायला लागतो, ते मात्र अवघड!

आता जरा आपल्याकडे. २०१८ पासून राज्यात अनाथांना १ टक्का आरक्षण आहे, चांगली गोष्ट. पण कॅपच्या कट-ऑफ यादीत 'ऑर्फन' असा वेगळा कोड असतो, आणि प्रवेशाच्या याद्यांत नावापुढे सीट टाईप छापतात. नोटीस बोर्डपुढे गर्दी करून आपण तो वाचतो आणि रात्री होस्टेलवर त्याची चर्चा होते. ऑफिसला त्या कॉलमची गरज आहे. भिंतीला आहे का? पुढच्या राऊंडची यादी लावताना नाव, मेरिट नंबर आणि ब्रँच एवढंच लावावं, अशी विनंती आमच्या मजल्यावरचे काही जण प्रिन्सिपल सरांना देणार आहोत. सह्या करायच्या असतील त्यांनी मेस सेक्रेटरीकडे कागद ठेवलाय.