वजनाने विकावा की गुणाने?

वर्कशॉपमधला शिल्लक माल काढायचा म्हणजे भंगारवाल्याला हाक मारायची, अशी आपल्याकडे रीत आहे. ही रीत सोयीची असली तरी शहाणपणाची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरणादाखल मंचेरियल घेऊ. बल्लारशाहहून काझीपेठकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे हे गोदावरीकाठचे गाव 2016 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. आता तो स्वतंत्र जिल्हा आहे. जवळच मंदमर्री, श्रीरामपूरच्या सिंगरेणी कोळसाखाणी आणि जयपूरचे 1200 मेगावॅटचे वीजकेंद्र. जिथे यंत्रे तिथे वर्कशॉप, आणि वर्कशॉप म्हटले की न वापरलेला माल आलाच. समजा, तिथल्या एखाद्या फळीवर एक कोरा टोरॉइडल पॉवर ट्रान्सफॉर्मर पडून आहे. त्याचे काय करावे?

टोरॉइडल म्हणजे कड्याच्या आकाराचा. पोलादी पट्टी गुंडाळून केलेल्या कड्यावर तांब्याच्या तारेचे वेढे दिलेले असतात. गाभ्यात फट नसल्याने चुंबकीय क्षेत्र बाहेर फारसे सांडत नाही. त्याची गुणगुण कमी, आणि तेवढ्याच शक्तीच्या चौकोनी ट्रान्सफॉर्मरपेक्षा वजनही कमी. 1831 च्या ऑगस्टमध्ये फॅरडेने विद्युत्प्रवर्तनाचा प्रयोग केला तो अशाच लोखंडी कड्यावर. ते कडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनने आजही जपले आहे.

आता पाहा, हलकेपणा हाच ज्याचा गुण, तो आपण किलोवर विकणार! तराजूला तांबे कळते; त्यामागची आखणी आणि मेहनत कळत नाही. केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांतही शिल्लक, कालबाह्य आणि निरुपयोगी असे तीन शब्द वेगवेगळे आहेत. आपण मात्र तिन्हींना ‘भंगार’ म्हणून मोकळे होतो.

कोणी म्हणेल, हल्ली बहुतेक उपकरणांत स्विचिंग पॉवर सप्लाय असतो, हा ट्रान्सफॉर्मर घेणार कोण? गिऱ्हाईक थोडे आहे, हे खरे. पण ॲम्प्लिफायर जुळवणारा कारागीर, जुनी यंत्रे दुरुस्त करणारा मेस्त्री, प्रयोगासाठी पैसे जमवणारा विद्यार्थी यांना तो हवाच असतो. माल कुठे आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही एवढेच.

मात्र विकणाऱ्यानेही सचोटी पाळली पाहिजे. ‘न वापरलेला’ एवढे म्हणून भागत नाही. पडून राहिलेला माल ओल धरतो. मेगरने इन्सुलेशन तपासावे, व्होल्टेज प्रत्यक्ष मोजावे आणि किती व्होल्ट-ॲम्पिअरचा आहे ते चिठ्ठीवर लिहावे. सुरू होताना तो क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, म्हणून सावकाश वितळणारा फ्यूज लागतो, हे सांगावे. मधल्या बोल्टची दोन्ही टोके धातूच्या पेटीला जोडली तर बंद वेढा तयार होऊन ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, हेही सांगावे. एवढे केल्यावर कोऱ्या मालापेक्षा कमी, पण तांब्याच्या भावापेक्षा जास्त किंमत मागायला संकोच कशाला?

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाने आणि वर्कशॉपने वर्षातून एकदा अशा वस्तूंची यादी करून फलकावर लावावी. तपासणीचे काम विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली करावे. पुस्तकातला ट्रान्सफॉर्मर त्यांच्या हाताखाली येईल. पहिला हक्क विद्यार्थ्यांचा, मग आसपासच्या कारागिरांचा. भंगारवाल्याचा नंबर शेवटी, आणि तोही जे खरोखर निकामी ठरेल तेवढ्यापुरताच.