रीळ केवढं हवं?

सेक्टर ६ मधले आमचे एक काका रेल मिलमध्ये ईओटी क्रेन चालवून निवृत्त झाले. नोकरीत असल्यापासून त्यांचा रविवार म्हणजे शिवनाथचा काठ, गळ आणि डब्यात पोळीभाजी. काकू म्हणतात, या छंदापायी घरात मासे आले त्यापेक्षा सर्दीपडसंच जास्त आलं. ते असो. आता या काकांना मालवणच्या व्याह्यांचं बोलावणं आहे. ‘दिवाळीनंतर या, होडी ठरवून ठेवतो, खोल पाण्यात गरवायला जाऊ.’ आपण इकडे गळ टाकतो, कोकणात गरवतात. ही बातमी परदेशातल्या मुलाच्या कानावर गेली आणि त्यानं कौतुकानं एक रीळ पाठवून दिलं. परवा काका ते खोकं काखेत मारून माझ्याकडे आले. रिळावर आकडा होता २००००. त्याच्या शेजारी त्यांनी आपलं नदीवरचं जुनं रीळ ठेवलं. ते ३००० चं.

“यातलं कुठलं नेऊ, सांग.”

दोन्ही नको, हे सांगायला मला अर्धा तास लागला.

काका मलाच विचारायला आले, कारण माझी फजिती त्यांना ठाऊक होती. काही वर्षांपूर्वी रत्नागिरीला मी असंच नदीवरचं छोटं रीळ घेऊन होडीत बसलो होतो. त्यावर दोरा जेमतेम दीडशे मीटर. काहीतरी लागलं आणि ते सुटलं ते थेट खोल समुद्राकडे. बघता बघता रिळाचा तळ दिसू लागला. घाबरून मी बोटानं दाबायला गेलो, बोट कापलं आणि दोरा तुटला तो अगदी रिळापाशी. मासा गेला याचं होडीवाल्याला काही नव्हतं, मासे जातातच. तो एवढंच म्हणाला की आता तो सगळा तंगूस ओढत फिरणार, कुठेतरी खडकात अडकणार आणि मरणार. ना तुला, ना मला. ते वाक्य बोटाच्या जखमेपेक्षा जास्त दिवस दुखलं.

तेव्हापासून मी रिळावरच्या आकड्याकडे फारसं बघत नाही. मुळात तो आकडा ज्या त्या कंपनीचा असतो. शिमानो, डायवा आणि पेन यांची ४००० ची रिळं एकमेकांशी जुळतीलच असं नाही. खरी माहिती असते ती दोऱ्याच्या चकतीवर किंवा खोक्यावर, बारीक अक्षरांत: अमुक जाडीचा दोरा इतके मीटर. आधी ते वाचावं. मग ब्रेक, म्हणजे ज्याला ड्रॅग म्हणतात तो, किती किलो धरतो ते बघावं. शेवटी रीळ हातात घेऊन वजन बघावं. हे तिसरं आपण विसरतो आणि दुपारपर्यंत खांदा आठवण करून देतो.

ब्रेकचं गणित मी समजावू लागलो, तर काकांनीच मला समजावलं. “अरे, हा तर विंचचा ड्रम! ब्रेक तेवढाच ठेवला तरी दोर उतरत गेला की गुंडाळीचा व्यास घटतो. व्यास निम्मा झाला की दोरावरचा ताण दुप्पट.” अगदी हेच. सुरुवातीला ४ किलोवर लावलेला ब्रेक रीळ रिकामं होत आलं की न हात लावता ८ किलोकडे जातो. मोठं रीळ घ्यायचं ते एवढ्यासाठी. शंभर मीटर दोरा गेला तरी त्याची गुंडाळी फारशी उतरत नाही.

मग २०००० चं काय वाईट? ते आहे अंदमानच्या जायंट ट्रेव्हलीसाठी नाहीतर मोठ्या कुप्यासाठी. वजन पाऊण किलोच्या वर, त्याला शोभेल असा जाडजूड रॉड, आणि ब्रेक १० किलोंच्या पुढे लावायचा. ६४ वर्षांच्या माणसानं हलत्या होडीत उभं राहून हे करायचं म्हणजे माशानं काकांना गरवायचं.

मालवणच्या सुरमईसाठी आणि मध्यम कुप्यासाठी ६००० ते ८००० पुरे. त्यावर ४० पाउंडांचा विणलेला दोरा ३०० मीटर बसतो की नाही, हे तेवढं बघून घ्यावं. सुरमईचे दात कात्रीसारखे, म्हणून गरीच्या वर वीतभर तार हवीच. ४० पाउंड म्हणजे १८ किलो. ब्रेक त्याच्या पाव ते एकतृतीयांश लावायचा असा सर्वत्र रिवाज आहे. म्हणजे साडेचार ते सहा किलो. सुरमईसाठी मी त्याहून थोडा कमीच लावीन, पहिल्या धावेत तिचं तोंड फाटून गरी निसटते.

हे किलो मोजायचे कसे? रद्दीवाल्याचा आकड्याचा काटा घ्या. दोरा रॉडमधून ओवून आकड्याला बांधा, दुसऱ्याला काटा धरायला लावा आणि रॉड वाकवून ओढा. रीळ सरकू लागलं की काटा वाचा.

होडीवर कदाचित आडवी रिळं दिसतील, ३०, ५०, ८०, १३० अशा आकड्यांची. तिथे गोंधळू नये. हा आकडा दोऱ्याच्या पाउंडांचा, त्यामुळे ३० चं आडवं रीळ ८००० च्या उभ्या रिळापुढे हलकं समजू नका. १३० चं मात्र मार्लिनसारख्या धुडांसाठी. १९५३ साली पेरूच्या काबो ब्लांकोला अल्फ्रेड ग्लासेल यांनी गरवलेला काळा मार्लिन ७०७ किलोंचा होता. व्याह्यांच्या होडीत तो मावायचा नाही.

आणि परतल्यावर रीळ गोड्या पाण्यानं हलकेच धुवावं, जोराची धार नको. पुसून ब्रेक सैल करून ठेवावा.

काल संध्याकाळी काकांच्या व्हरांड्यात मापन झालं. २०००० चं खोकं मुलाकडे परत जाणार, बदल्यात ८००० चं येणार. तोवर सराव जुन्या रिळावर. काटा काकूंनी धरला होता. साडेतीन किलोला रीळ कुरकुरलं, तसं काकूंनी विचारलं, “आणि सुरमई पाच किलोची लागली तर?”

“तिला पळू द्यायचं,” काका म्हणाले. “दोरा आहे ना.”