नवा कंट्रोल बनवताय? त्याची प्रॉपर्टी बाइंड होऊ द्या

डब्ल्यूपीएफवर काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, एक कळकळीची विनंती आहे. तयार कंट्रोल इन्हेरिट करून त्यात स्वतःची प्रॉपर्टी घातलीत, तर ती बाइंड होते की नाही हे तपासल्याशिवाय तो कंट्रोल टीममध्ये कुणाच्या हाती देऊ नका.

साधी गेट-सेट प्रॉपर्टी एका ओळीत लिहून होते. कोड बिनतक्रार कंपाइल होतो. पण झॅमलमध्ये कुणी तिला बाइंडिंग लावलं की एरर येते: बाइंडिंग फक्त डिपेंडन्सी प्रॉपर्टीलाच लावता येतं. मग तो बिचारा कोड-बिहाइंडमध्ये इव्हेंट पकडून व्हॅल्यू हाताने व्ह्यूमॉडेलपर्यंत पोचवतो. हाच कोड स्क्रीनमागून स्क्रीनवर चिकटवला जातो आणि एखाद्या ठिकाणी राहून गेला की चुकीची नोंद सेव्ह होते.

डेटाग्रिडचंच बघा. २०१० साली डॉटनेट ४ बरोबर तो डब्ल्यूपीएफमध्ये आला. त्याची सिलेक्टेड-आयटेम ही प्रॉपर्टी बाइंड होते, पण अनेक ओळी निवडल्यावर लागणारी सिलेक्टेड-आयटेम्स होत नाही. म्हणून डेटाग्रिड इन्हेरिट करायचा, आपल्या नावाची आय-लिस्ट प्रकारची डिपेंडन्सी प्रॉपर्टी रजिस्टर करायची आणि ऑन-सिलेक्शन-चेंज्ड ओव्हरराइड करायचं. त्यात आधी बेसची मेथड बोलवा, मग निवडलेल्या ओळींची नवी लिस्ट करून ती प्रॉपर्टीत ठेवा. लिस्ट दरवेळी नवीच हवी. ग्रिडची मूळ लिस्टच पुन्हा पुन्हा दिलीत तर ऑब्जेक्ट तोच राहतो. काही बदललं असं डब्ल्यूपीएफला वाटत नाही आणि पहिल्या निवडीनंतर व्ह्यूमॉडेलला काहीच कळत नाही.

ही व्हॅल्यू ठेवताना सेट-व्हॅल्यूऐवजी सेट-करंट-व्हॅल्यू वापरा. वापरणाऱ्याने वन-वे बाइंडिंग लावलेलं असेल तर सेट-व्हॅल्यू ते गुपचूप काढून टाकतं, आणि असा बग शोधण्यात दिवस जातात. बदल व्ह्यूमॉडेलपर्यंत जायला हवा असेल तर मेटाडेटात टू-वे बाय डिफॉल्ट मागून घ्या. नाहीतर बाइंडिंग वन-वेच धरलं जातं. डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट मात्र देऊ नका. ती एकच लिस्ट सगळ्या ग्रिडमध्ये वाटली जाते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक सेटरमध्ये असते. गेटरमध्ये फक्त गेट-व्हॅल्यू आणि सेटरमध्ये फक्त सेट-व्हॅल्यू असू द्या. बाइंडिंग त्या सेटरकडे जातच नाही, थेट आतली व्हॅल्यू बदलतं. तिथे घातलेली तपासणी किंवा रंग बदलण्याचा कोड कधी चालतो, कधी चालत नाही, आणि का ते कुणाला उमगत नाही. असं सगळं काम प्रॉपर्टी-चेंज्ड कॉलबॅकमध्ये न्या.

आणि मुळात प्रॉपर्टी वरच्या क्लासकडून आलेली आहे का, हे आधी बघा. ती डिपेंडन्सी प्रॉपर्टी असेल तर तुमच्या क्लासमध्येही बाइंड होतेच. फक्त डिफॉल्ट बदलायचा असेल तर ओव्हरराइड-मेटाडेटा पुरतं. त्याच नावाची दुसरी प्रॉपर्टी लिहून पहिली झाकू नका.

पासवर्डबॉक्सच्या वाटेला मात्र जाऊ नका. त्याचा क्लास सील केलेला आहे आणि पासवर्ड बाइंड होत नाही, ते सुरक्षेसाठी मुद्दाम तसं ठेवलंय. आडवाटेने तो बाइंड केलात तर उघडा पासवर्ड व्ह्यूमॉडेलमध्ये पडून राहतो.

तुमच्या प्रोजेक्टमधले इन्हेरिट केलेले कंट्रोल या आठवड्यात एकदा उघडून बघा. ज्या साध्या प्रॉपर्टीला बाइंडिंग लागणार आहे, तिची डिपेंडन्सी प्रॉपर्टी करा. नाव आणि प्रकार तोच ठेवलात तर ती वापरणारा जुना कोड बदलावा लागत नाही.