आकड्याशेजारी ठोकेही लिहा

उंदराचे हृदय मिनिटाला ५०० ते ६०० ठोके देते. म्हणजे एका ठोक्याला जेमतेम १०० ते १२० मिलिसेकंद. सेकंदाला ३० फ्रेम टिपणाऱ्या यंत्राच्या हाती एका ठोक्यात तीन-चारच चित्रे लागतात आणि आकुंचनाचा नेमका क्षण निसटून जातो. रुग्णाच्या छातीवर ठेवायचा सोनोग्राफीचा ३ मेगाहर्ट्झचा प्रोबही इथे कामाचा नाही. त्याची तरंगलांबी अर्धा मिलिमीटर, तर उंदराच्या डाव्या जवनिकेची भिंत मिलिमीटरभर जाडीची. ४० मेगाहर्ट्झला हीच तरंगलांबी ४० मायक्रॉनच्या खाली येते. तरंग फार खोल जात नाहीत, पण एवढ्याशा छातीला तेवढे पुरते. टोरांटोच्या सनीब्रूक संशोधन केंद्रातल्या स्टुअर्ट फॉस्टर यांनी १९९९ मध्ये व्हिज्युअलसॉनिक्स स्थापन केली आणि हे तंत्र जगभरच्या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचले.

यंत्राचा प्रश्न सुटला. उंदराच्या अवस्थेचा मात्र अजून पुरता सुटलेला नाही.

टेबलावरचे दृश्य सगळ्यांच्या परिचयाचे आहे. गरम पट्टीवर उताणा ठेवलेला उंदीर, इलेक्ट्रोडवर टेपने चिकटवलेले चार पाय, नाकाशी आयसोफ्लुरेनची भूल, डोळ्यांना मलम. छातीवरचे केस क्रीमने काढलेले. इथपासूनच आकडे बदलू लागतात. केस काढलेल्या त्वचेवर गार जेल पडले की तापमान घसरते आणि ठोकेही मंदावतात. प्रोब जरा जोरात दाबला तरी तेच. भूल केटामिन-झायलाझीनची असेल, तर ठोके ३०० च्याही खाली जाऊ शकतात. अशा हृदयाचे इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला जवनिकेतून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण, कमी आले, तर दोष आजाराचा की भुलेचा?

मोजणीची रीतही तितकीच महत्त्वाची. एम-मोड एकाच रेषेवरची हालचाल टिपतो आणि जवनिका सुबक लंबगोल आहे असे धरून आकारमान काढतो. हृदयाची धमनी बांधून हृदयविकाराचा झटका घडवलेल्या उंदरात टोकाकडची भिंत निकामी झालेली असते आणि ती रेषा नेमकी चांगल्या भागातून जाऊ शकते. तिथे लांब अक्षाच्या चित्रावरून पूर्ण कडा आखणेच योग्य.

हे काटेकोरपण प्राण्यांसाठीही हवे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांची संख्या कमी करण्याचे तत्त्व मांडले. सोनोग्राफीने ते आवाक्यात आणले. चार टप्प्यांवर आठ-आठ उंदीर मारायचे तर ३२ लागतात. तेच आठ उंदीर चारही वेळा तपासता येतात. पण दर खेपेला भूल आणि तापमान वेगळे असेल, तर आकडे विखुरतात आणि फरक दाखवण्यासाठी पुन्हा उंदीर वाढवावे लागतात.

म्हणून प्रत्येक इजेक्शन फ्रॅक्शनशेजारी ठोके, शरीराचे तापमान आणि भुलेचे प्रमाण नोंदवले जावे. चित्रे वाचणाऱ्याला गट माहीत नसावेत. शोधनिबंधातही प्रत्येक गटाचे ठोके छापले जावेत आणि प्राणी नीतिसमित्यांनी प्रस्ताव तपासतानाच या नोंदी कशा ठेवल्या जाणार हे विचारावे.