आधी प्रश्नपत्रिका तपासा

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रम राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि उरलेल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून लागू झाला. तेव्हापासून स्टाफरूममध्ये क्रेडिटच्या हिशेबाखेरीज दुसरा विषय क्वचितच निघतो. मेजर किती, मायनर किती, ओपन इलेक्टिव्ह कोणत्या विभागाच्या वाट्याला, ऑन जॉब ट्रेनिंगला मुले पाठवायची कुठे? सत्राला 22, तीन वर्षांना 132 आणि चार वर्षांना 176 क्रेडिट असे हे कोष्टक आहे. ते टाकाऊ नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इतिहास शिकता यावा, शिक्षण मध्येच सोडावे लागले तरी हाती एखादे प्रमाणपत्र असावे, हे हवेच होते. पण पदवी शिक्षणाचा फेरविचार या कोष्टकापाशीच संपतो आणि विद्यार्थी तीन वर्षे प्रत्यक्षात काय करतो हे ठरवणारी प्रश्नपत्रिका जिथल्या तिथे राहते. सुधारणेला हात तिथेच घालायला हवा. ज्याने शिकवले त्यानेच प्रश्न काढावेत आणि त्यानेच उत्तरे वाचावीत, इतके झाले तरी बरेच काही हलेल.

हे दुखणे विद्यापीठांच्या जन्मापासूनचे आहे. 1857 मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली. शिकवायचे महाविद्यालयांनी, परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेची असेल, असा निर्वाळा राधाकृष्णन आयोगाने 1949 मध्येच दिला होता. त्यानंतर दहा अधिक दोन अधिक तीन आले, सत्र पद्धत आली, श्रेणी आल्या. दिल्ली विद्यापीठाने 2013 मध्ये चार वर्षांची पदवी आणली, 2014 मध्ये मागे घेतली आणि 2022 मध्ये पुन्हा आणली. वर्षे वाढवता येतात, कमीही करता येतात; त्याला एक परिपत्रक पुरते.

कला किंवा वाणिज्य शाखेचा कोणताही जुना पेपर काढून पाहा. ‘वैशिष्ट्ये सांगा’, ‘कारणे व परिणाम स्पष्ट करा’, ‘टिपा लिहा, कोणत्याही दोन’. पेपर काढणाऱ्याने समोरचा वर्ग पाहिलेला नसतो. शेकडो महाविद्यालयांतल्या मुलांवर अन्याय होऊ नये म्हणून तो नेमलेल्या पुस्तकाबाहेर पाऊल टाकत नाही, आणि ते त्याच्या जागी योग्यही आहे. मुलांना हे पक्के ठाऊक असते, म्हणून ती पुस्तकही उघडत नाहीत. परीक्षेच्या आधी गाइड आणि अपेक्षित प्रश्नांचा संच पुरतो. वर्गात एखाद्या शिक्षकाने मूळ लेख वाचायला दिला, दोन मतांत वाद लावून दिला, तर पहिला प्रश्न येतो: सर, हे परीक्षेला आहे का? मुलांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यांनी व्यवस्था अचूक ओळखली आहे. नव्या रचनेत दोन क्रेडिटचा पेपर म्हणजे 30 तासांचे अध्यापन. असे अनेक छोटे पेपर एका सत्रात कोंबले की मूळ लेख द्यायलाही वेळ उरत नाही.

मग हे पेपर तपासायला जातात कॅप सेंटरला, म्हणजे केंद्रीय मूल्यांकन केंद्राला. गठ्ठे, मॉडेल आन्सर, दिवसाचा कोटा. कोणाची उत्तरपत्रिका आहे हे तपासनिसाला ठाऊक नसते, आणि तपासनिसाला काय वाटले हे विद्यार्थ्याला कधीच कळत नाही. मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये 17 लाखांहून अधिक उत्तरपत्रिका घाईघाईने ऑनस्क्रीन तपासायला घेतल्या. 45 दिवसांत लागायचे निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. चर्चा झाली ती सॉफ्टवेअरची, कंत्राटाची आणि घाईची. एका विद्यापीठाने एका हंगामात इतक्या उत्तरपत्रिका मुळात का गोळा कराव्यात, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: परीक्षा महाविद्यालयाच्या हाती दिली की गुणांची खिरापत वाटली जाईल. तो खरा आहे. अंतर्गत गुण कसे दिले जातात हे सर्वांना माहीत आहे. पण ते तसे दिले जातात कारण त्यांच्याकडे नंतर कोणी पाहत नाही. विद्यापीठाने पेपर काढण्याऐवजी दर सत्रात प्रत्येक महाविद्यालयाच्या मोजक्या उत्तरपत्रिका नमुन्यादाखल मागवाव्यात, बाहेरच्या दोघांकडून वाचून घ्याव्यात, प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर टाकाव्यात आणि जिथे तफावत मोठी तिथे गुण खाली आणावेत. स्वायत्त महाविद्यालये आपल्या परीक्षा आपणच घेतात आणि पदवी विद्यापीठाची देतात. मुंबईच्या सेंट झेवियर्सला ही मुभा 2010 मध्येच मिळाली. म्हणजे कायद्याची अडचण नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. वाचणार कोण? पदे रिक्त, आणि तासिका तत्त्वावरचा शिक्षक दोन-तीन महाविद्यालयांत धावतो. पैसे मिळतात ते फक्त घेतलेल्या तासाचे. त्याने साठ निबंध वाचून शेरे लिहावेत अशी अपेक्षा करणे हा निव्वळ निर्लज्जपणा होईल. भरतीशिवाय ही सुधारणा होणार नाही, हे मला मान्य आहे. पण मग चौथे वर्ष आणि नवे विषयसुद्धा भरतीशिवाय कसे होणार, हे सरकारने सांगावे.

राहिला तिसरा: मुलांना नोकरी हवी, निबंध नकोत. एमपीएससीने राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे ठरवले तेव्हा 2023 च्या सुरुवातीला पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले, तयारीला वेळ द्या म्हणाले, आणि आयोगाने बदल 2025 वर ढकलला. मागणी गैर नव्हती. पण हे सगळे पदवीधर किंवा पदवीच्या उंबरठ्यावरचे तरुण होते. मुद्दा मांडून चार पाने लिहिण्यासाठी त्यांना वेगळा अवधी लागत असेल, तर तीन वर्षांत लिहून घेतले ते काय?

विद्यापरिषदांनी आणि अभ्यास मंडळांनी पुढच्या बैठकीत क्रेडिटचे कोष्टक बाजूला ठेवावे. प्रत्येक विषयाच्या गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका टेबलावर घ्याव्यात, गाइड न वाचलेल्या पण विषय समजलेल्या विद्यार्थ्याला त्यांत किती गुण मिळाले असते ते तपासावे, आणि तो अहवाल पालकांना व विद्यार्थ्यांना वाचायला खुला करावा.